अमावास्येची सुट्टी आणि गड्ड्यावरचा तंबू

मंगळवेढ्याहून सोलापूर काही फार लांब नाही. सकाळची एस.टी. मिळाली तर दुपारच्या भाकरीला माणूस तिथं पोचतं. तरी लग्नाला सहा वर्षं होत आली, नवरा तिथं राहतो, आणि मी सोलापूर पाहिलेलं नव्हतं. माझी धाकटी बहीण शालन सांगोल्याला असते. तिनं तर सांगोल्याबाहेर पाऊलच टाकलेलं नाही. परवा सांगोल्याला गेले तेव्हा म्हणाली, "आक्का, सगळं सांग. गड्डा कसा, देऊळ कसं, काय काय खाल्लंस." मी सांगायला बसले की अर्ध्यावर जीभ अडकते आणि मुद्द्याचं तेवढं राहून जातं. चौथीपर्यंत शाळा झाली आहे, तेव्हा लिहूनच ठेवते. शालननं हे एकटीनं वाचावं. का, ते पुढं कळेल.

निघताना

जायला कारणं दोन होती, एक उघड आणि एक झाकलेलं. उघड कारण सिद्धेश्वराची यात्रा. संक्रांतीच्या सुमाराला ती भरते, सोलापूरचे लोक तिला गड्डा म्हणतात. झाकलेलं कारण म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी दुसरी मुलगी बघायची होती.

शालनला थोडं ठाऊक आहे, पण नीट सांगते. आमचं लग्न दुष्काळाच्या सालातलं. हळद निघायच्या आत हे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, आणि तिथून सोलापूरला चादरीच्या कारखान्यात मागावर लागले. मालक तेलुगू माणूस. त्याच्याकडं सुट्टी फक्त अमावास्येला. त्यामुळं आदल्या दिवशी संध्याकाळी हे घरी यायचे, अमावास्या घरात काढायची आणि दुसऱ्या पहाटे पहिल्या गाडीनं परत. दिवाळीला आले तरी अमावास्या, वेळ अमावास्येला शेतात जेवायला आले तरी अमावास्याच. नागपंचमीची एक सुट्टी मिळायची, तेव्हा मी माहेरी असायची.

आणि माझी पाळीही चंद्राला बांधल्यासारखी. अमावास्या जवळ आली की मी बाजूला बसायची. पडवीच्या कोपऱ्यात घोंगडीचा तुकडा आणि वेगळा तांब्या आत्या आधीच ठेवून द्यायच्या. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायची, आणि त्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला हे दारात. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्या गल्लीत सांगायच्या, "हिच्याएवढी नशिबाची कोन हाय का? न्हाऊन उटली की नवरा दारात हुबा. देवानंच जुळवून दिलंय की!" न्हाल्यावर लगेच दिवस राहतात असं आमच्याकडं सगळ्याच म्हाताऱ्या सांगतात. मलाही ते खरं वाटायचं. त्यामुळं इतकं सगळं जुळून येऊनही कूस उजवत नाही म्हटल्यावर खोट माझ्यातच, यात कुणाला शंका उरली नव्हती. मलाही नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी आत्या चुलीपुढं बसून म्हणाल्या, "गौरे, मी तुला हाकलत न्हाय. पोरगी तू बघ. तू पसंत केलीस तरच आणायची. दोघी भनीवानी नांदा." एवढं बोलून त्या उठल्या आणि माझ्या ताटात तुपाची धार जरा जास्तच धरली. त्यांच्या मनातही ते बोचत होतं. आत्या तोंडानं तिखट, पण कधी उपाशी ठेवलं नाही की हात उगारला नाही. म्हणून तर मला भांडताही येईना.

बरोबर घेतलं ते हे : बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरी, शेंगाची चटणी, आमच्या रानातल्या ज्वारीची हुरड्याला आलेली कणसं, आणि आत्यांच्या कमरेला सुपारीची पुडी. सुपारी मुलगी पसंत पडली तर द्यायला, हे मी ओळखलं.

शुक्रवार पेठ

एस.टी.त सांगण्यासारखं एवढंच की भीमा ओलांडताना आत्यांनी नदीत पैसा टाकला आणि तो पुलाच्या कठड्याला लागून परत आत, एका फौजदारासारख्या दिसणाऱ्या माणसाच्या मांडीवर पडला. त्यानं तो निमूट खिशात घातला. आत्या सोलापूर येईपर्यंत त्याच्याकडं बघत होत्या.

ह्यांची खोली शुक्रवार पेठेतल्या एका बोळात, दुकानाच्या माडीवर. एरवी तिथं तिघं कामगार राहतात. यंदा पहिल्यांदाच यात्रेला कारखाना चार दिवस बंद होता आणि बाकीचे दोघं आपापल्या गावी गेले होते, म्हणून खोली आम्हाला मिळाली. बोळ एवढा अरुंद की समोरच्या खिडकीतली बाई हात लांब करून आपल्याला मीठ देईल. दिवसभर कुठून तरी मागांचा खडखडाट ऐकू येतो, आणि गिरणीचा भोंगा झाला की आत्या दर वेळी छातीवर हात ठेवून म्हणायच्या, "आगं बया!"

त्या आवाजानं ह्यांचे कान मंद झाले आहेत. घरी एका दिवसासाठी येत तेव्हा मला ते फारसं जाणवलं नव्हतं. इथं कळलं की हे प्रत्येक गोष्ट ओरडून बोलतात आणि त्यांच्याशीही ओरडूनच बोलावं लागतं. "चटणीत मीट कमी हाय!" असं म्हणाले तर खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायचं. मला तर मोठ्यानं बोलायची सवयच नव्हती.

शेजारच्या खोलीत नरसम्मा नावाची तेलुगू बाई होती. दारात सूप मांडीवर घेऊन ती दिवसभर विड्या वळायची आणि हातावर नजर न टाकता गप्पा मारायची. पहिल्याच दिवशी तिनं मला पानसुपारी दिली आणि म्हणाली, "आज माजा दुसरा दिवस हाय, बरं का. तुला चालत न्हाय तर आधीच सांग."

मी दचकून मागं सरले. मग विचारलं, "मग तुमी बाजूला कुटं बसता?"

"बाजूला?" तिनं मागं वळून आपल्या खोलीकडं पाहिलं. एकच खोली, त्यात चूल, पाळणा, नवरा, सासरा. "हितं बाजू कुटं हाय, बाई? बाजूला बसलं तर विड्या कोन वळनार? आमच्यात पोरगी शहाणी झाली की गोडाचं जेवान करतोय, आनि मंग जलमभर कामाला लावतोय." आणि खो खो हसली. आत्यांनी आतून हाक मारली, "गौरे, आत ये." पण मी ती पानसुपारी खाल्ली.

भोगी

भोगीच्या दिवशी अक्षता पडतात. सिद्धरामेश्वराचं कुंभाराच्या मुलीशी लग्न लागतं ते. देव स्वतः नसतो, त्याचा योगदंड असतो, आणि त्या लग्नाला सगळं सोलापूर वऱ्हाडी. उंच उंच नंदीध्वज, त्यांना फुलांच्या आणि खारकांच्या माळा. पांढऱ्या बाराबंदीतले गडी एकेक काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालतात, तेव्हा आपलाच श्वास अडकतो. तळ्याच्या पाण्यात देवळाचं उलटं रूप हलत होतं. अक्षता पडल्या तेव्हा चहूबाजूंनी तांदूळ उडाले. माझ्याही मुठीत होते. आत्यांनी माझा दंड धरून सांगितलं, "टाक की, गौरे." मी टाकले. शेजारी हे उभे होते. त्यांच्या टोपीवर दोन दाणे अडकले, ते मी बघत राहिले. पुन्हा त्यांच्या डोक्यावर अक्षता पडणार, त्याही मलाच टाकाव्या लागणार, एवढंच मनात आलं.

त्या गर्दीत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. ती उचलायला वाकले आणि वर पाहते तर ना आत्या ना हे. लोकांच्या लोंढ्यानं मला देवळापासून पार पाळण्यांच्या बाजूला नेऊन सोडलं. रडू यायच्या बेतात होते. तेवढ्यात एका तंबूच्या दारात पाण्याचा रांजण दिसला आणि आत बसलेल्या बायका. सावली होती, बायका होत्या, म्हणून शिरले. पाणी पिऊन बसल्यावर कापडावरची पाटी वाचली. कुटुंब कल्याण. खाली लाल त्रिकोण.

शालन, सांगोल्याच्या बाजारात असाच तंबू लागला होता तेव्हा तू भाऊजींना लांब ओढत होतीस, ती धांदल मला आठवली. दोन वर्षांपूर्वी माणसं पकडून नसबंदीची ऑपरेशनं केली, त्याची धास्ती लोकांच्या मनातून गेलेली नाही. तंबूच्या दारावरून पुरुष अंग चोरून जात होते. आणि मी, जिला एकही मूल नाही, ती मुलं थांबवायच्या तंबूत येऊन बसले होते. उठावं तर सगळ्यांच्या देखत उठावं लागणार. म्हणून बसून राहिले.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, अंगावर सुती पातळ, आवाज खणखणीत. म्हणाल्या, "लाजायचं असेल तर पदर तोंडाला लावा. कान मात्र उघडे ठेवा." मग त्यांनी कापडाची एक पिशवी दाखवली, पेरूएवढी, तिला दोन बाजूंनी हात फुटल्यासारख्या नळ्या. "ही प्रत्येकीच्या पोटात आहे. राणीच्याही आणि मोलकरणीच्याही."

त्यांनी सांगितलेलं मला कळलं तसं लिहिते. पाळीत जातं ते घाण रक्त नव्हे. पिशवी दर महिन्याला पाहुण्यासाठी आतून अंथरूण घालते. पाहुणा आला नाही की ते अंथरूण काढून टाकते, तेवढंच. मग बाईचं बीज. हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. आम्ही म्हणतो, बाई म्हणजे जमीन आणि बी पुरुषाचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चूक. अर्धं बी बाईचं, अर्धं पुरुषाचं. दोन्ही भेटली तर मूल. आणि मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, तेव्हा मुली झाल्या म्हणून सुनेला बोलायचं बंद करा."

एक म्हातारी म्हणाली, "आता सांगतीस व्हय बाई? माज्या सासूला सांगायचं व्हतं!" सगळ्या हसल्या.

मग त्यांनी एक पुठ्ठ्याचं चाक काढलं. त्याच्यावर महिन्याचे दिवस गोल मांडलेले, काही लाल, काही पांढरे, काही हिरवे. लाल पाळीचे. हिरवे मधले. बाईचं बीज महिन्यातून एकदा सुटतं, पुढच्या पाळीच्या साधारण पंधरा दिवस आधी, आणि एखादा दिवसच टिकतं. दिवस राहायचे ते त्या हिरव्या दिवसांच्या आसपास. लाल दिवसांना चिकटलेले पांढरे दिवस दाखवून त्या म्हणाल्या, "पाळीच्या अगदी आधी आणि न्हाल्यावर लगेचच्या या दिवसांत सहसा दिवस राहत नाहीत. ज्यांना मूल नको त्यांनी हे दिवस बघावेत. पण यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. प्रत्येकीचं चाक सारखं फिरत नाही."

"आनि मालकाला कोन सांगनार, आज पांढरा न्हाय हिरवा हाय म्हनून?" मागून एकीनं विचारलं. तंबूभर हसणं झालं.

मी हसले नाही. मी त्या चाकाकडं बघत होते. न्हाल्यावर लगेच. डॉक्टरीणबाईंचं बोट जिथं टेकलं होतं तिथं माझी अमावास्या होती. प्रत्येक अमावास्या. मूल नको असलेल्या बाईनं जे दिवस निवडावेत म्हणून ही बाई घसा फोडून सांगत होती, नेमके तेवढेच मला सहा वर्षं मिळाले होते.

संक्रांत

संक्रांतीला नरसम्मानं आम्हाला शेंगापोळी दिली. आमच्याकडं गुळाचीच पोळी असते. इथं भाजलेल्या शेंगांचा कूट गुळात घालून सारण करतात, पोळी खुसखुशीत आणि जिभेवर टाकली की विरघळते. आत्यांनी विटाळाचं काही न बोलता दोन खाल्ल्या. एक घरी न्यायला फडक्यात बांधली.

सकाळीच मुलगी बघायला गेलो. आत्यांच्या लांबच्या नात्यातलं घर, पलीकडच्या पेठेत. हे आले नाहीत. "तुमीच जावा!" असं ओरडून माडीवर बसून राहिले. मुलीचं नाव सुमन. सावळी, उंच, डोळे खाली. तिनं तिळगूळ दिला तो दोन्ही हातांनी. मुलगी चांगली होती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

पाणी द्यायच्या निमित्तानं ती मला मागच्या दारी घेऊन गेली. तिथं एकदम म्हणाली, "आक्का, खरं सांगा. तुमी ऱ्हानार न्हवं घरात?"

मी विचारलं, "मी ऱ्हायलेलं तुला पायजे का?"

"तुमी असला तर मी येते. एकटी असले आनि मलाबी न्हाय झालं मूल, तर मंग तिसरी आनतील की."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आत आत्या सांगत होत्या, "उद्या किंक्रांत, करीदिन, उद्या नको. परवा सकाळी सुपारी देतो."

बाहेर पडल्यावर आत्यांनी विचारलं, "कशी वाटली?" मी म्हटलं, "चांगली हाय." खोटं बोलता आलं नाही. मग म्हटलं, मला बांगड्या भरायच्या आहेत, गड्ड्यावर जाऊन येते. आत्यांनी मला एवढं एका दमात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "जा बाई, जा," म्हणाल्या.

तंबूत पुन्हा तेच सुरू होतं. मी शेवटपर्यंत बसले. बायका गेल्या तरी उठले नाही. डॉक्टरीणबाई चाक पेटीत ठेवत होत्या. "तुम्ही कालही होतात. मुलं किती?"

मी मान हलवली.

"एकही नाही? मग इथं काय करताय?"

आता बोलले नाही तर परवा सुपारी जाणार होती. मी पदराचं टोक तोंडात धरून म्हटलं, "मालक अमावास्येलाच घरी येत्यात. आनि मी अमावास्येलाच न्हाते."

त्यांना क्षणभर समजलं नाही. मग त्यांनी चाक पुन्हा बाहेर काढलं, मला हाताला धरून शेजारी बसवलं आणि एकेक विचारत गेल्या. कधी येतात, कधी जातात, मधे कधी नाहीच का, किती वर्षं. मी बोटानं चाकावर दाखवत गेले. तोंडानं बोलावं लागत नव्हतं म्हणून जमलं. शेवटी त्या खुर्चीला टेकून हसल्या. "अहो बाई, आमचं खातं गावोगाव फिरतंय, आणि तुम्ही न सांगता आमचं काम करताय की!"

मग हसू थांबवून विचारलं, "तुमच्यात खोट आहे, असं कुणी तपासून सांगितलंय?"

"न्हाय."

"आणि मालकांना कुणी तपासलंय?"

"त्यास्नी कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"अर्धं बी त्यांचं, म्हणून. मग खोट तुमचीच, हे कशावरून ठरवलंत?" त्या म्हणाल्या, "आधी दोघं एका घरात राहा. वर्षभर. कदाचित यात काहीच खोट नसेल. नाहीच झालं तर दोघं या, आणि आधी त्यांना घेऊन या. त्यांची तपासणी सोपी असते. आणि पहिली बायको असताना दुसरी करणं कायद्यात बसत नाही, हेही सासूबाईंना सांगा."

वचन त्यांनी काही दिलं नाही. पण परत येताना माझे पाय हलके झाले होते. बांगड्या भरायच्या राहिल्याच. आत्यांनी माझे मोकळे हात बघितले.

किंक्रांत

आता ह्यांना सांगायचं कसं? कुजबुजले तर त्यांना ऐकू येत नाही, आणि ओरडले तर सगळ्या बोळाला कळेल. सकाळी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा हे म्हणाले, "काय? चहा?" आणि मी चहा केला. दुसऱ्यांदा दारात नरसम्मा विड्या वळत होती.

संध्याकाळी गड्ड्यावर शोभेचं दारूकाम असतं. मैदानात सगळं गाव मान वर करून बसतं. आकाशात कोरीएवढा चंद्र होता, अमावास्या जाऊन पाच-सहाच दिवस झाले होते. पहिला बाण वर गेला, फुटला आणि निळ्या-हिरव्या ठिणग्यांचं झाड उभं राहिलं. मागोमाग असा धडाका सुरू झाला की शेजारी कोण काय बोलतं कुणाला ऐकू येईना. तेव्हा सुचलं. इथं सगळेच माझ्या नवऱ्याएवढे बहिरे झाले आहेत.

मी ह्यांच्या कानाला तोंड लावलं आणि जन्मात पहिल्यांदा ओरडले. तंबू, चाक, अमावास्या, सगळं. हे आधी आकाशाकडं बघत होते, मग माझ्याकडं बघायला लागले. "म्हंजी काय? मला कळंना!" त्यांनीही ओरडून विचारलं. आता बीज आणि पिशवी कुठून समजावू? मी म्हटलं, "पाऊस पडला की लगेच पेरता का तुमी?"

"चिखलात? खुळी हाईस का?"

"मंग? तुमी येता तवा चिखल असतोय!" धडाका वाढला होता, मीही जोर लावला. "चार-आठ दिवसांनी वाफसा येतोय! तवा तुमी हितं सोलापुरात! सहा वर्सं आपण वाफशाला एकत्रच न्हाय! माज्यात खोट न्हाय!"

शेवटचं वाक्य सुरू केलं आणि बाण थांबले. मैदानभर अशी शांतता पसरली की "माज्यात खोट न्हाय" हे चार ओळींपलीकडच्या माणसालाही ऐकू गेलं असेल. लोक वळून बघायला लागले. मी पदरात तोंड लपवलं. जमीन दुभंगली असती तर बरं, असं वाटलं.

माझ्या दुसऱ्या बाजूला आत्या बसल्या होत्या. त्यांचे कान चांगले आहेत. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे, पण नजर माझ्यावर रोखलेली होती. आमच्या आत्यांची चाड्यावरची मूठ, म्हणजे पेरताना बी सोडणारा हात, सगळ्या शिवारात नावाजलेली. तिफणीमागं त्या चालल्या की ज्वारी रेघेत उगवते. वाफसा आला की नाही, म्हणजे ओल पेरणीजोगी झाली की नाही, हे त्या माती मुठीत दाबून सांगतात, आणि वाफसा नसला तर कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कुनी सांगितलं तुला ह्ये?"

"डॉक्टरीनबाईनं."

"न्हाल्यावर लगीच न्हाय ऱ्हात म्हनती?"

"सहसा न्हाय. मदल्या दिवसात."

पुढचा बाण वर गेला. त्या उजेडात त्यांचा चेहरा लाल झाला, हिरवा झाला. मग म्हणाल्या, "म्हंजी सहा वर्सं मीच म्हनत व्हते, चांगलं जुळलंय. आनि आमी चिखलात पेरत व्हतो की गं." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. 

हे माझ्या बाजूला वाकून, त्यांच्या मतानं कुजबुजत म्हणाले, "मंग ऱ्हा की हितंच!" पुढच्या ओळीतली माणसं पुन्हा वळली.

परतीचा दिवस

दुसऱ्या सकाळी आत्या एकट्याच त्या घरी जाऊन आल्या. कमरेची पुडी परत आली. ती सोडून त्यांनी सुपारी कातरली, अर्धी स्वतः खाल्ली, अर्धी नरसम्माला दिली. "यवडं वर्स जाऊ दे म्हनलं. पोरीला दुसरं ठिकान आलं तर थांबू नका म्हनलं."

ह्यांच्या सोबत्यांनी कारखान्यातच झोपायचं कबूल केलं. आत्यांना एस.टी.त बसवायला मी गेले. खिडकीतून त्यांनी माझा हात धरला आणि इकडंतिकडं बघून विचारलं, "हितं तुजे दिवस आले की बसनार कुटं?"

"हितं बाजूच न्हाय, आत्या."

"व्हय की," त्या म्हणाल्या. गाडी हलली तेव्हा ओरडल्या, "देवाच्या फोटूला तेवडं शिवू नगंस!"

मी सुगीपर्यंत सोलापुरात राहिले. त्यातलं सांगण्यासारखं खूप आहे, आणि न सांगण्यासारखंही. एवढंच लिहिते की सहा वर्षांत माझी आणि नवऱ्याची ओळख झाली नव्हती, ती तिथं झाली. त्यांना वांगं आवडत नाही, हे मला माहीत नव्हतं. दर अमावास्येला घरी आले की मी वांगंच करत होते. ते खात होते. झोपेत ते मागाच्या ठेक्यावर बोटं हलवतात. आणि माझ्या बोलण्याची त्यांना सवय झाली, कारण मला आता ओरडता येतं. माझी पाळी एकदा तिथं आली. नरसम्मानं मला विड्या वळायला बसवलं.

ज्वारी काढायला हात हवे होते, म्हणून माघातल्या अमावास्येच्या आधी मी घरी आले. आत्यांनी नेहमीप्रमाणं पडवीच्या कोपऱ्यात घोंगडीचा तुकडा आणि तांब्या ठेवला होता. अमावास्या आली. हे आले आणि गेले. मी रानात कणसं खुडत होते. तांब्या तसाच. आत्या रोज येता-जाता तिकडं बघायच्या आणि मग माझ्याकडं. ज्वारीची रास झाली, खळं झाडून झालं, पुढची अमावास्याही मागं पडली. सुमनचं लग्न बार्शीकडच्या एका शिंप्याशी ठरल्याची बातमी आली, तेव्हा आत्यांनी तिच्यासाठी खण काढून ठेवला.

मग काल सकाळी मी भाकरी थापत होते. पिठाच्या वासानं पोटात ढवळलं म्हणून दाराबाहेर गेले. परत येते तर आत्या पडवीत उभ्या. त्यांनी घोंगडीचा तुकडा उचलला, दोनदा झटकला, घडी घालून माळ्यावर टाकला. तांब्या राखेनं घासून घरातल्या तांब्यांत लावला. कोपरा झाडून घेतला आणि कमरेवर हात ठेवून त्या रिकाम्या जागेकडं बघत म्हणाल्या,

"हितं आता शेळी बांधावी म्हनते. दूद लागंल की."